एकच घर, दोन वंशावळी: जमिनीचा आणि रक्ताचा वारसा एकत्र अभ्यासायचा कसा

आजोबांची जमीन वारसाने येते आणि आजोबांचा सिकलसेल हा रक्ताचा आजारही वारसानेच येतो. मराठीत शब्द एकच आहे, म्हणून नवा संशोधक एकच वंशावळ काढतो आणि तीच दोन्हीकडे वापरतो. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कायद्याची वंशावळ आणि जनुकांची वंशावळ नेमक्या महत्त्वाच्या जागी वेगळ्या होतात: सून, दत्तक मुलगा, लग्न होऊन गेलेली मुलगी, लहानपणी गेलेलं मूल. म्हणून क्षेत्रभेटीत एकच मूळ तक्ता भरायचा, त्यात प्रत्येक नातं कशाने जोडलंय ते वेगळं लिहायचं, आणि त्या तक्त्यावरून दोन स्वतंत्र वंशावळी घरी बसून काढायच्या. एकीवरून दुसरी कधीच काढायची नाही.

खालची पद्धत विदर्भ किंवा नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आणि शेतजमिनीचा वारसा एकत्र अभ्यासणाऱ्यांसाठी लिहिली आहे. थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियासाठी तपासण्या बदलतील, तक्ता तोच राहील.

आधी ठरवा: या घराला कोणता कायदा लागू

हे तक्त्याच्या डोक्यावर लिहा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. पण त्याच्या कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. सिकलसेलचा अभ्यास करणाऱ्याला हे सोडून चालणारच नाही, कारण हा आजार आदिवासींमध्ये मोठा आहे आणि अनुसूचित जाती व काही इतर मागास समाजांतही आहे. एकाच गावात दोन शेजारी घरांत जनुक तेच, पण वारसाचा कायदा वेगळा असू शकतो. आदिवासी घरात प्रथा काय आहे ते विचारावं लागतं. तिथे मुलींचा हक्क प्रथेवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण गोंड स्त्रीच्या वारसांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये समानतेच्या तत्त्वावर त्यांच्या बाजूने निकाल दिला आहे. मुस्लिम घरात शरियतचे ठरलेले हिस्से. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था, जिथे मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीव राहते. पुढची सगळी उदाहरणं १९५६ च्या कायद्याची आहेत.

मूळ तक्ता

ए-३ आकाराचा कागद आडवा धरा आणि पेन्सिलीने काढा. शाई नको, पहिल्या भेटीत निम्म्या रेघा खोडाव्या लागतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लिंग माहीत नसेल तर चौकट तिरकी करून हिऱ्याचा आकार. मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. आजार असलेला आकार पूर्ण भरायचा, वाहकाचा (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्याचा, जो स्वतः रुग्ण नसतो) अर्धा. गर्भपात झाला असेल तर छोटा त्रिकोण. रक्ताच्या नात्यात लग्न झालं असेल तर नवरा-बायकोमधली रेघ दुहेरी. ज्या रुग्णापासून अभ्यास सुरू झाला त्याच्याकडे बाण. दत्तक व्यक्तीचा आकार चौकोनी कंसात घालून दत्तक आईबापांशी तुटक रेघेने जोडायचा, आणि जन्मदाते माहीत असतील तर त्यांच्याशी सरळ रेघेने.

क्रमांक देताना आधी पिढी, मग त्या पिढीत डावीकडून कितवी व्यक्ती. २-३ म्हणजे दुसऱ्या पिढीतली तिसरी व्यक्ती. तक्त्यावर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावं जुळवणारी वही वेगळी.

प्रत्येक व्यक्तीखाली चार गोष्टी हव्यात: जन्माचं साल, मृत्यूची तारीख, मृत्यूचं कारण घरच्यांच्या शब्दांत, आणि नातं कशाने, म्हणजे रक्ताने, लग्नाने की दत्तकाने. मृत्यूची तारीख का, साल का नाही, ते पुढे येईलच.

विचारायचं कसं

"तुमच्या आजोबांना मुलं किती?" असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं "तीन", आणि ते तीन मुलगे असतात. मुली मोजल्या जात नाहीत, लहानपणी गेलेली मुलं तर नाहीतच. प्रश्न बदला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, "बाळंतपणं किती झाली?" मग "जगली किती?" मग एकेकाचं, थोरल्यापासून, पाठोपाठच्या क्रमाने: "त्याच्या पाठचं कोण?" पाठचा, पाठची हे शब्द फार उपयोगी आहेत, कारण क्रम चुकत नाही आणि दोन जन्मांत चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं की मध्ये एखादं मूल गेलंय का, हे हळुवारपणे विचारता येतं.

"भाऊ" या शब्दावर विश्वास ठेवू नका. सख्खा, सावत्र, चुलत, मावस, आते, मामे यांपैकी कोणता ते दर वेळी विचारा. सावत्र असेल तर पुढचा प्रश्न: बाप एक की आई एक? कायद्यात या दोन सावत्रांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नावांचा घोळ दोन प्रकारचा. लग्नानंतर बाईचं पहिलं नावही बदललेलं असतं, तेव्हा माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं नोंदवहीत हवीत, नाहीतर एकाच बाईच्या दोन बाया होतात. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे जुन्या कागदात एकाच नावाचे दोन पुरुष दोन पिढ्यांच्या अंतराने येतात. तिथे मधलं नाव आणि नोंदीचं साल लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका घराला दोन भेटी धरून चाला, आणि त्यांत किमान काही आठवडे जाऊ द्या. पहिल्या भेटीनंतर घरात चर्चा होते, कोणाला तरी विसरलेली आत्या आठवते. दुसरी भेट शक्य असेल तर घरच्या एखाद्या मुलीच्या सासरी करा. माहेरची वंशावळ सासरी बसून जास्त मोकळेपणाने सांगितली जाते.

घरात आधीच असलेल्या वंशावळी

बऱ्याच घरांत एक टाईप केलेली वंशावळ निघते. ती जात पडताळणीसाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रातली असते. ती बापाच्या बाजूनेच वर चढते आणि चुलत्यांकडे पसरते, कारण तिचं कामच तेवढं. त्यात आया नाहीत, माहेरं नाहीत, बहुतेक वेळा मुलीही नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या, म्हणजे वंशावळी सांगणाऱ्यांच्या, वह्यांतही मुख्य धार पुरुषांचीच. या सगळ्याचा उपयोग पुरुषांचा पिढीक्रम पक्का करायला होतो, त्यापलीकडे नाही.

महसुली कागद जास्त देतात, पण त्यांची भाषा वाचता यायला हवी. सुरुवात गाव नमुना सातपासून, म्हणजे सातबाऱ्याच्या पहिल्या भागापासून: आज कोणाचं नाव आहे आणि नावाखाली कोणत्या फेरफाराचे क्रमांक आहेत. मग एकेक फेरफार मागे मागे. गाव नमुना सहा ही फेरफार नोंदवही, सहा-क ही वारस नोंदवही, आठ-अ खातेदाराची. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, आणि पुष्कळशी स्कॅन होऊन शासनाच्या ऑनलाइन अभिलेख सेवेतही आली आहेत.

सातबाऱ्यावरच्या चार खुणा लक्षात ठेवा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एका भावाचं, पण त्याच्या मागे न दिसणारे भाऊ आहेत. तिथे थांबून बाकीचे कोण ते शोधायचंच. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तेव्हा वारस लहान होता. यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. "नावलद" म्हणजे पोटी मूल न ठेवता गेलेला, पण लहानपणी गेलेलं मूल असू शकतं, ते कागद सांगत नाही. आणि बहिणींची नावं कब्जेदारांत नसली तर "इतर हक्क" या रकान्यात बघा. कित्येक जुन्या वारस नोंदींत भावांची नावं वर आणि बहिणींची इतर हक्कात ढकललेली आहेत. बहिणीचं नाव कुठेच नसेल तर हक्कसोड पत्र आहे का ते विचारा आणि असल्यास नोंदणीकृत आहे का ते बघा. साध्या कागदावरच्या सहीने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही.

आणि फेरफार हा मालकीचा पुरावा नाही. ती शेतसारा कोणी भरायचा यासाठी ठेवलेली नोंद आहे. तलाठ्याकडे वर्दी गेली, नोटीस निघाली, हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला, एवढंच तो सांगतो. शोधनिबंधात "फेरफारानुसार चार वारस" असं लिहा. "चार वारस होते" असं लिहायचं तर तक्त्यावरून सिद्ध करा.

मृत्यूची तारीख

वारसा मृत्यूच्या क्षणी उघडतो. त्या दिवशी कोणता कायदा होता आणि कोण जिवंत होतं, या दोन प्रश्नांवर सगळे हिस्से ठरतात. १४ एप्रिल १९३७ पासून विधवेला मर्यादित हक्क मिळाला. १७ जून १९५६ ला आजचा कायदा आला. २२ जून १९९४ ला महाराष्ट्राने दुरुस्ती करून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखी हिस्सेदार, केलं, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो फरकही गेला, आणि त्या दिवशी बाप जिवंत असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं वाटप मात्र तसंच राहतं.

म्हणून "२००५ साली वारले" हे अपुरं आहे. दोन माणसं एकाच अपघातात गेली आणि कोण आधी ते कळत नसेल तर कायदा लहानाला नंतर मेलेला धरतो. जनुकांना यातल्या एकाही तारखेशी देणंघेणं नाही. तिथे मृत्यूचं वय आणि कारण महत्त्वाचं.

एक घर उलगडून

उदाहरण रचलेलं आहे, पण यातलं प्रत्येक वळण प्रत्यक्षात भेटतं.

१-१ आजोबा, १-२ आजी. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही म्हणून त्यांनी मुलगा दत्तक घेतला: २-१. मग स्वतःची तीन मुलं झाली: २-२ मुलगी, आता सासरी, २-३ मुलगा, २००५ मध्ये अपघातात गेला, आणि २-५ मुलगी, चौथ्या वर्षी "पिवळी पडून, हातपाय सुजून" गेली. २-३ ची बायको २-४. त्यांची मुलं ३-१ मुलगी आणि ३-२ मुलगा. ३-२ ला सिकलसेल आजार आहे, म्हणजे एसएस: सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं. आजोबा २०१२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, त्यांची आई आधीच गेली होती. स्वकष्टार्जित जमीन सहा एकर, म्हणजे २४० गुंठे.

दत्तकाचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. हयात मुलगा किंवा मुलाचा मुलगा असताना १९५६ च्या दत्तक कायद्याने दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. तक्त्यात सख्खा मुलगा आधी आणि दत्तक नंतर दिसला तर दत्तकाचं साल पुन्हा तपासा, एक तर तारीख चुकली आहे किंवा दत्तकच वादात आहे.

आता जमिनीची वंशावळ. पहिल्या वर्गाचे, म्हणजे कायद्याने सगळ्यात आधी येणारे वारस: विधवा, दत्तक मुलगा, मुलगी, आणि आधी गेलेल्या मुलाची शाखा. चार समान हिस्से, प्रत्येकी ६० गुंठे. २-३ च्या शाखेचे ६० गुंठे त्याची विधवा आणि दोन मुलं यांच्यात समान, प्रत्येकी २०. २-५ चं नाव कुठेही येत नाही.

आणि रक्ताची वंशावळ. आजोबांच्या जनुकांपैकी २-२ कडे बरोबर निम्मी. ३-१ आणि ३-२ कडे सरासरी चतुर्थांश. सरासरी म्हणायचं कारण असं की बाप आपली निम्मी जनुकं पुढे देताना आजोबांची आणि आजीची सरमिसळ करून देतो, तेव्हा दोन भावंडांत हा वाटा थोडा कमी-जास्त होतो. कायद्याच्या अपूर्णांकाला असं हलता येत नाही. आजी, दत्तक मुलगा आणि सून यांच्याकडे आजोबांकडून आलेलं काहीच नाही. म्हणजे २४० पैकी १४० गुंठे अशा तिघांकडे गेले ज्यांना आजोबांचं एकही जनुक वारशाने मिळालं नाही. कायदा इथे कुठेही चुकलेला नाही. तो संसार आणि सांभाळ यांनाही नातं मानतो. पण फेरफारातले वारस घेऊन कोणी "जनुकीय कुटुंब" म्हणून त्यांचे नमुने गोळा केले तर निष्कर्षाचं काय होईल ते यावरून कळावं.

आता त्या चार वर्षांच्या मुलीकडे या, कारण खरी गोष्ट तिच्यात आहे. तिला विसरलं तर हिशोब असा: ३-२ एसएस, म्हणून २-३ वाहक होता. त्याला ते आजोबा किंवा आजीकडून आलं. दोघांपैकी एकच वाहक धरला तर सासरी असलेली २-२ वाहक असण्याची शक्यता १/२. पण २-५ खरोखर सिकलसेलने गेली असेल तर आजोबा आणि आजी दोघंही वाहक होते. मग २-२ ला स्वतःला आजार नाही हे माहीत असताना ती वाहक असण्याची शक्यता २/३ होते. चारपैकी एक शक्यता आजाराची, ती गळाली. उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या. हाच २/३ चा हिशोब ३-१ ला लागतो, कारण तिचाही भाऊ एसएस आहे आणि तिला आजार नाही. इथे १/२ लिहिणं ही विद्यार्थ्यांची सगळ्यात नेहमीची चूक.

आणि सून, २-४. जमिनीत तिला २० गुंठे. रक्ताच्या वंशावळीत ती स्वतः वाहक, म्हणून तिच्या माहेरची भावंडं तपासायला हवीत. महसुली वंशावळीत तिचं माहेर नसतंच. ते तक्त्यावर स्वतंत्र फांदी म्हणून काढा.

पुढे आजी मृत्युपत्राशिवाय गेली तर तिच्या ६० गुंठ्यांना वेगळं कलम लागतं. स्त्रीच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं येतात, सून येत नाही. २-१ ला २०, २-२ ला २०, ३-१ आणि ३-२ ला प्रत्येकी १०. सासऱ्याच्या वारसांत जिचं नाव होतं तिचं सासूच्या वारसांत नाही. दोन्हीकडे तीच यादी उतरवण्याची सवय सोडा.

जमीन वडिलोपार्जित असती तर आधी आजोबांचा स्वतःचा हिस्सा वेगळा काढावा लागला असता आणि वरचं गणित फक्त तेवढ्याला लागलं असतं. म्हणून प्रत्येक गटापुढे वडिलोपार्जित, स्वकष्टार्जित की मिश्र, हे पुराव्यासकट लिहा.

नातं मोजण्याच्या दोन पट्ट्या

मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे पुष्कळ समाजांतली जुनी प्रथा. ते दोन्ही पट्ट्यांनी मोजून बघा. विवाह कायद्यातली सपिंड (ज्या जवळच्या नात्यात लग्न चालत नाही) मोजणी स्वतःपासून सुरू होते आणि स्वतःलाच पहिली पिढी धरते: आईच्या बाजूने तीन पिढ्यांपर्यंत, बापाच्या बाजूने पाच. नवरा मुलगा एक, त्याची आई दोन, आईचे वडील तीन. मुलगी एक, तिचे वडील दोन, आजोबा तीन. दोघंही मर्यादेत, म्हणजे सपिंड, आणि भाऊ-बहिणीची मुलं म्हणून निषिद्ध नात्यातही. दोन्ही पक्षांत तशी प्रथा असेल तरच विवाह वैध.

जनुकांच्या मोजणीत स्वतःला धरायचं नाही, फक्त पायऱ्या मोजायच्या. मुलाकडून आजोबांपर्यंत दोन, तिथून मुलीपर्यंत दोन, एकूण चार. १/२ चा चौथा घात १/१६. तोच आजीमार्फत आणखी एक १/१६. बेरीज १/८. त्यांच्या अपत्यात एखाद्या जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता याच्या निम्मी, १/१६. चुलत भावंडांचाही आकडा १/८ च येतो. मामेबहीण चालते आणि चुलत बहीण चालत नाही हा समाजाचा नियम आहे, जनुकांचा नाही. स्वतःला धरायचं की नाही, यावरून दोन्ही मोजण्यांची गल्लत होते, म्हणून तक्त्यावर दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा.

सपिंडाची कल्पनाच मुळात शरीराची आहे, हे इथे सांगायला हवं. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तीत सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले आहेत ते. बंगालच्या दायभागात मात्र पिंडदानावरून नातं ठरतं. महाराष्ट्राचा परंपरागत कायदा मिताक्षरेचा, म्हणजे जमीन आणि देह यांचा वारसा एकत्र विचारात घेण्याची वाट आपल्याकडे फार जुनी आहे.

सावत्र भावंडांत दोन्ही पट्ट्या सगळ्यात लांब जातात. बाप एक आणि आई वेगळी अशी भावंडं बापाच्या मालमत्तेत समान वारस. पण वारसा भावाचा असेल आणि सख्खा भाऊ हयात असेल तर हा सावत्र पूर्ण मागे पडतो, त्याला अर्धा हिस्साही नाही. आई एक आणि बाप वेगळे असतील तर दुसऱ्या वर्गाच्या यादीतल्या "भाऊ-बहीण" या शब्दात ती भावंडं बसतच नाहीत. जनुकांत दोघांचंही नातं सारखंच, १/४.

रक्ततपासणीत काय चुकतं

विद्राव्यता चाचणी गावात होते, स्वस्त आहे, पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही सांगते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिला कळत नाही, आणि तान्ह्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती खोटी नकारार्थी येऊ शकते. वंशावळीत आकार भरण्याआधी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा अहवाल हवाच. नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, साधारण २ मिली, हळू उलटसुलट करून, थंड पेटीत पण गोठू न देता. नळीवर क्रमांक घरातच, रक्त काढल्या काढल्या लिहा. एकाच आडनावाच्या सहा नळ्या संध्याकाळी ओळखू येत नाहीत.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर अहवालात दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं, तेव्हा तो नमुना पुढे ढकला. बीटा थॅलेसेमियाचा वाहक एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या वाढलेल्या प्रमाणावरून ओळखतात, नेहमीची सीमा साधारण साडेतीन टक्के. लोहाची कमतरता असेल तर एचबीए-२ खाली येतं आणि असा वाहक निसटतो. हे महत्त्वाचं अशासाठी की एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तर मुलाचा अहवाल एसएससारखा दिसू शकतो. तेव्हा दोन्ही आईबापांचे अहवाल हातात आल्याशिवाय "दोघेही सिकल वाहक" असं लिहू नका. आमच्या उदाहरणात बाप हयात नाही, म्हणून २-३ आणि २-४ विषयीचं विधान मुलाचं निदान नीट पक्कं झालं तरच टिकतं.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे घरात प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं तर एसएस मूल होत नाही, मात्र जोडीदाराची थॅलेसेमियाची तपासणीही झालेली हवी.

अहवाल आणि नातं जुळत नसेल तर

मूल एसएस आणि बापाचा अहवाल पूर्ण सामान्य, असं कधीतरी समोर येतं. पहिल्यांदा नळ्यांची अदलाबदल झाली का ते बघा, दोन्ही नमुने नव्याने घ्या, थॅलेसेमियाचे प्रकार तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तरीही जुळलं नाही तर ते घरात बोलायचं नाही. संमतीपत्रातच लिहिलेलं हवं की पितृत्वाविषयीची माहिती या अभ्यासातून कोणालाही दिली जाणार नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आणि तुमच्या संस्थेची नीतिसमिती यांची मंजुरी भेटी सुरू होण्याआधीची हवी. सात वर्षांवरच्या मुलांची स्वतःची होकारपूर्वक संमती आणि पालकांची लेखी संमती, दोन्ही घ्या.

कायद्यानेही अशा अहवालावरून वारसा बदलत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ११६ प्रमाणे वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांत जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच धरलं जातं. नवरा-बायकोचा संबंधच येणं शक्य नव्हतं असं सिद्ध झालं तरच ते उलटतं. २०१४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाला या गृहीतकापेक्षा जास्त वजन दिलं, तर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मुलाच्या खाजगीपणाचा विचार न करता अशी चाचणी सर्रास लावू नये असं सांगितलं. दोन्ही निकाल एकत्र वाचा. गर्भातल्या मुलाचंही तक्त्यावर ठेवा: मृत्यूच्या वेळी पोटात असलेलं आणि पुढे जिवंत जन्मलेलं मूल हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे पूर्ण वारस असतं.

आणि त्याच अधिनियमाचं कलम २८ शब्दशः लक्षात ठेवा. कोणताही रोग, व्यंग किंवा विकृती यामुळे कोणी वारसातून बाद होत नाही. वारस नोंदीत आजारी मुलाचं नाव "त्याला कशाला, तो काय करणार" म्हणून गाळलेलं दिसेल. एसएस असलेल्या ३-२ चे २० गुंठे हे २० गुंठेच आहेत. तक्त्यात असं गाळलेलं नाव सापडलं तर कुटुंबाला तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता द्या. ही मदत संशोधनाच्या बाहेरची असली तरी ती करायलाच हवी.

कागद ठेवायचे कसे

सातबारा कोणालाही ऑनलाइन बघता येतो. म्हणून वैद्यकीय वंशावळीवर गट नंबर लिहिला की नाव न लिहिताही घर उघडं पडलं. गाव, गट आणि फेरफार क्रमांक फक्त जमिनीच्या फाइलीत. आजार, अहवाल आणि वाहक असल्याची खूण फक्त आरोग्याच्या फाइलीत. दोन्हींत व्यक्तींचे क्रमांकही वेगळे द्या, आणि ते जुळवणारी किल्ली एकाच माणसाकडे, कुलपात, संगणकावर असेल तर पासवर्डखाली. प्रकाशित करताना भावंडांचा क्रम किंवा लिंग बदललं तरी निष्कर्ष बिघडत नसेल तर बदला आणि बदल केल्याचं लिहा.

घराला परत देताना जमिनीची वंशावळ सगळ्या वारसांना एकच, बहिणींनाही टपालाने. रक्ताचा अहवाल मात्र ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात, लहान मुलाचा असेल तर आईबापांच्या. सासऱ्याच्या हाती सुनेचं पाकीट नाही, आणि लग्नाच्या मुलीचं तर मामाच्याही हाती नाही.